इंगवले मास्तरांचे दोन दिवे

इंगवले मास्तरांना हात जोडून केलेला नमस्कार खपायचा नाही. शाळेच्या फाटकात एखाद्या मुलानं हात जोडले की ते तिथंच थांबायचे आणि म्हणायचे, "हात सोड. वर कर. हां, आत्ता दिसलास." मुलगा गोंधळून एक हात वर करायचा. मग मास्तरही आपला लांबलचक, बोटांना रंग लागलेला हात वर करून हलवायचे, जणू दोघं नदीच्या दोन काठांवर उभे आहेत. नव्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ तऱ्हेवाईक आहे. जुन्या माणसालाही तसंच वाटायचं, फक्त त्याला सवय झालेली असायची.

एकदा शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. आम्ही सगळे दारात ओळीनं हात जोडून उभे, आणि शेवटी मास्तर, टांगा थांबवावा तसा एक हात वर करून. साहेबांना वाटलं, याला काही तरी विचारायचं आहे. ते थांबले आणि म्हणाले, "बोला."

"काय न्हाय सायेब. तुमी दिसला, येवढंच," मास्तर म्हणाले.

हेडमास्तरांचा चेहरा त्या क्षणी कसा झाला ते मला शब्दांत सांगता येणार नाही, आणि मास्तरांना चित्रात दाखवता आलं असतं पण त्यांनी ते काढलं नाही.

मास्तर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. मी गणित शिकवायला लागलो तेव्हा कोल्हापूर संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, आणि पुढं काय होणार यावर चहाच्या दुकानापासून तालमीपर्यंत सगळीकडं वाद चालू होते. मास्तरांना त्याचं काही नव्हतं. ते शिक्षकांच्या खोलीत खिडकीशी बसून रंगीत काचांचे तुकडे डोळ्याला लावायचे आणि बाहेर बघायचे. माझी त्यांची ओळख अशाच एका तुकड्यावरून झाली.

"ओ गणितवाले, ह्या हिरव्यातनं त्यो पिंपळ दिसतोय का बगा."

मी काच डोळ्याला लावली. "दिसतोय."

"पिंपळ हाय हे कळतंय?"

"पिंपळ तिथंच आहे हे मला माहीत आहे, म्हणून कळतंय."

मास्तर एकदम खूश झाले. मांडीवर थाप मारून म्हणाले, "बरोबर बोलला! ठावं हाय म्हणून कळतंय. ज्येला ठावं न्हाय त्येनं काय करायचं?"

दिसणं वेगळं आणि कळणं वेगळं, हे त्यांचं पालुपद. वर्गात एखाद्यानं गाय काढली की ते वही हातभर लांब धरायचे, एक डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, "जनावर दिसतंय. गाय हाय हे कळत न्हाय. शेवटच्या बाकावरनं कळंल अशी काढ." मग खरोखरच ते चित्र शेवटच्या बाकावर बसलेल्याला दाखवलं जायचं. त्यानं "म्हैस" म्हटलं की पहिल्यापासून सुरुवात. सुंदर चित्राचं त्यांना कौतुक कमी होतं. लांबून ओळखू येणाऱ्या चित्राला मात्र ते लगेच शाबासकी द्यायचे. मुलं त्यांच्यावर चिडायची, आणि मोठी झाल्यावर त्यांचीच गोष्ट सांगायची.

हे सगळं कुठून आलं होतं ते शाळेत प्रत्येकाला माहीत होतं, फक्त त्यांच्यासमोर कुणी तो विषय काढत नसे. मला ते एका सहकाऱ्यानं पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं, माझ्याकडून काही वावगं बोललं जाऊ नये म्हणून.

मास्तर नदीपलीकडच्या मळेवाडीचे. पुलावरून जायचं म्हटलं तर मोठा वळसा, म्हणून वाडीची माणसं गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या एका लहान घाटावरून नावेनं ये-जा करत. नाव भैरू अंब्याची, म्हणजे नावाड्याची. दूध, भाजी, शाळेची पोरं, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तीतूनच. मास्तरांचा धाकटा भाऊ सदा वाडीत शेती बघायचा. मी यायच्या आदल्या कार्तिकात, गुऱ्हाळं सुरू व्हायच्या सुमाराला, त्यानं घाटाकडच्या काठावरून एक जुनी काहील घरी न्यायला काढली. उसाचा रस आटवायची ती भलीमोठी लोखंडी कढई गाडीत मावत नाही. आमच्याकडं ती नेण्याची रीत अशी, की तिला पाण्यात सोडायचं, आपण तिच्यात बसायचं आणि एका वल्ह्यानं, गोल गोल फिरत का होईना, पलीकडं पोचायचं. सदा दिवेलागणीला कंदील घेऊन निघाला. मध्यावर काहिलीच्या बुडाला मारलेलं ठिगळ सुटलं. पोरगा पोहणारा होता, पण एवढं लोखंड बुडताना शेजारच्या माणसालाही खाली ओढतं.

तो ओरडला असणार. कंदील वर धरून त्यानं हलवला, हे तर घाटावरच्या बऱ्याच जणांनी पाहिलं. पण घाटावर कार्तिकाची आरती चालू होती, घंटा आणि झांजांत हाक ऐकू येण्यासारखी नव्हती. आणि कार्तिकात नदीवर दिवे असतातच. द्रोणात फुलवात लावून बायका ते पाण्यात सोडतात. पाण्यावर दिवा हलताना दिसला की आमचे हात आपोआप जुळतात, त्यासाठी विचार करावा लागत नाही. घाटावरच्या माणसांनी तो कंदील बघितला, हात जोडले, आणि तो विझल्यावर डोळे मिटून नदीला नमस्कार केला.

सदा दुसऱ्या दिवशी खूप खाली सापडला.

तेव्हापासून मास्तरांना एकच ध्यास. भैरूच्या नावेवर असा दिवा पाहिजे, की तो बघून कुणी हात जोडणार नाही, धावत येईल. कसला दिवा, किती, कोणत्या रंगाचे, किती उंच, हे ठरेपर्यंत या माणसाला चैन नव्हतं. मी एकटा जीव, संध्याकाळी करायला काही नसायचं. त्यामुळं घाटावर उभं राहून "दिसलं", "कळलं" किंवा "नाही कळलं" असं ओरडण्याचं काम माझ्याकडं आलं.

पहिला प्रयोग गॅसबत्तीचा. मास्तरांचं म्हणणं, एवढा लख्ख उजेड कुठल्या द्रोणात मावतो? दिसला की कळलंच. त्यांनी लग्नात लावतात तशी एक बत्ती आणली आणि नावेच्या टोकाला टांगली. नाव निघाली ती सरळ घाटाकडं येण्याऐवजी खाली वाहत बाभळीत जाऊन घुसली. भैरू दोन्ही हातांनी डोळे चोळत बाहेर आला.

"मास्तर, ह्यो दिवा लोकास्नी मी दिसावा म्हणून हाय. मला बी लोकं दिसाय नकोत व्हय? डोळ्याम्होरं नुसतं पांढरं. काठ कुटं, पाणी कुटं, काय उमजंना. आन चिलटं तर नाकातोंडात गेली बगा."

मास्तरांनी ते ताबडतोब कबूल केलं. ही त्यांची आणखी एक सवय. चूक दाखवली की ते रागवायचे नाहीत, उलट हरवलेली वस्तू सापडल्यासारखे हरखायचे. नाव हाकणाऱ्याचे डोळे दिपता कामा नयेत, म्हणजे दिवा त्याच्या नजरेच्या वर पाहिजे आणि साधा कंदिलाएवढाच पाहिजे, एवढं त्या संध्याकाळी ठरलं.

दुसऱ्या खेपेला मास्तर समुद्राचा कायदा घेऊन आले. तरुणपणी वेंगुर्ल्याच्या बंदरात त्यांनी आगबोट पाहिली होती. तिच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. लाल दिसला की समजायचं, तिची डावी बाजू आपल्याकडं आहे. दोन्ही दिसले की ती थेट आपल्यावर चालून येतेय. मास्तरांना हे इतकं आवडलं होतं की त्यांनी फळ्यावर रंगीत खडूनं आगबोट काढून सातवीच्या अख्ख्या वर्गाला ते शिकवलं. वास्तविक तो तास फुलदाणीचा होता. तांबड्या आणि हिरव्या काचेचे दोन कंदील खटपटी करून मिळवले आणि एका रविवारी ते नावेला लावले. भैरू काठावर उकिडवा बसून विडी ओढत बघत होता.

"मास्तर, डावं म्हंजे कुटलं डावं?"

"नावंचं डावं."

"नावंला त्वांड कुटलं?"

"म्होरलं त्ये त्वांड."

"जाताना ह्ये म्होरलं. येताना त्ये म्होरलं. मी नाव वळवत न्हाय, मीच ह्या टोकाचा त्या टोकाला जातो. म्हंजे येताना तुमचा तांबडा उजवीकडं गेला की."

 भैरूची नाव दोन्ही टोकांना सारखीच होती. तिला ना पुढचं ना मागचं, आणि म्हणूनच ना डावं ना उजवं. मला हसू आवरेना. मास्तर माझ्याकडं बघून म्हणाले, "हसू नका. काहिलीला बी डावं-उजवं नसतं." माझं हसू तिथंच थांबलं. त्यांच्या मनात नाव असली तरी डोळ्यांपुढं ती काहीलच असायची, हे मला तेव्हा लख्ख कळलं आणि वाईट वाटलं.

तर, दिवा असा हवा की तो चारी बाजूंनी एकच गोष्ट सांगेल. पण ती गोष्ट कोणती? यावर काही आठवडे गेले. मास्तर चहा पिताना बशीत बोट बुडवून टेबलावर ठिपके काढायचे. दोन शेजारी, तीन ओळीत, त्रिकोण. मी विचारलं तर म्हणायचे, "द्रोण बी शेजारी शेजारीच वाहत्यात वो."

उत्तर आलं ते एका बैलगाडीवरून. आम्ही दोघं संध्याकाळी घाटाच्या वरच्या अंगाला उभे होतो. समोरच्या काठाच्या चढावर एक गाडी लागली होती. गाडी दिसत नव्हती, बैल दिसत नव्हते. आसाखाली टांगलेला कंदील तेवढा डुलत होता. तेवढ्यात वर बसलेल्या गाडीवानानं विडी पेटवली. क्षणभर खाली एक उजेड आणि त्याच्या बरोबर वर दुसरा.

मास्तरांनी माझा दंड असा धरला की कळ निघाली. "गाडी हाय! कळलं का न्हाय? बैल न्हाय दिसला, चाक न्हाय दिसलं, तरी कळलं! खाली कंदील, वर माणूस!"

"कळलं," मी म्हटलं.

"गणितवाले, पाण्यात सोडलेला दिवा दुसऱ्या दिव्याच्या डोक्यावर कदी चढंल का? न्हाय चढायचा. एकावर एक दोन दिवे दिसले की त्येच्याखाली माणूस हाय!"

मी त्या आनंदावर थोडं पाणी ओतलं, कारण घाटावर उभं राहून राहून माझेही डोळे जरा तयार झाले होते. शांत पाण्यात एकच दिवा असला तरी खाली त्याचं प्रतिबिंब दिसतं, आणि लांबून एकावर एक दोन दिवेच वाटतात. मास्तर हसले. "तर वरचा तांबडा. तांबड्याची सावली खाली पांढरी कशी पडंल?"

तांबड्या काचेचं पुन्हा रामायण झालं. पहिली काच गडद असल्यानं लांबून दिवा लागलाय की विझलाय तेच कळत नव्हतं. मग मास्तरांनी पडदे रंगवणाऱ्या एका मित्राकडून सिनेमाच्या स्टुडिओतला तांबडा पारदर्शक कागद आणला. तो कंदिलाच्या काचेभोवती गुंडाळला, आणि नाव मध्यावर जायच्या आत कागद आकसून धुमसायला लागला. भैरूनं अख्खा कंदीलच पाण्यात बुडवला. शेवटी एका फोटोग्राफरानं त्याच्या अंधाऱ्या खोलीतल्या दिव्याची तांबडी काच दिली. ती हवी तेवढीच तांबडी होती. नावेच्या मधोमध माणसाच्या उंचीहून मोठा बांबू रोवला, खाली पांढरा कंदील, वर हातभर अंतरावर तांबडा. वरच्या कंदिलाची दोरी भैरूच्या हाताशी. नावेवर काही संकट आलं तर दोरी सोडायची, तांबडा सर्रकन खाली येईल. वरचा खाली आला की काठावरच्यांनी धावायचं. एवढं साधं होतं.

निदान मला तसं वाटलं.

कार्तिक लागला. पहिल्याच संध्याकाळी नाव दोन दिवे लावून घाटाकडं निघाली. मास्तर आणि मी पायऱ्यांवर उभे. घाटावरची आरती जिजाआक्कांच्या हातात असायची. घाटाजवळच्या गल्लीतल्या या आजी अंगानं काटकुळ्या, पण आवाज असा की आरती सुरू झाली की पुलापर्यंत कळावं. त्यांनी नदीकडं पाहिलं, आणि झांज न थांबवताच त्या ओरडल्या.

"अगं बाई, दीपमाळ चालत आली गं! पाण्यावरनं दीपमाळ आली!"

आणि सगळ्या घाटानं हात जोडले. जे बसले होते ते उभे राहिले. नाव काठाला लागताच जिजाआक्कांनी पुढं होऊन बांबूला हळदकुंकू लावलं, हार घातला, आणि भैरूच्या पायावर पाणी घातलं. भैरू दुधाची किटली हातात घेऊन तसाच उभा, उतरावं की आशीर्वाद द्यावा या विचारात. दुसऱ्या दिवशी बायका तांबड्या दिव्यात घालायला तेल घेऊन आल्या.

मला ते मनापासून गमतीचं वाटलं. परत जाताना मी म्हटलं, "मास्तर, रागवू नका. लोक भाविक आहेत. त्यात वाईट काय?"

मास्तर सायकल हातात धरून चालत होते. ते थांबले.

"वाईट काय न्हाय. मी बी भाविकच हुतो." आणि पुढं म्हणाले, "त्या दिवशी मी घाटावर हुतो. शाळंतनं उशिरा सुटलो, म्हटलं आरती घेऊन जावं. पाण्यावर दिवा दिसला. लई झ्याक दिसत हुता, हलत हलत जात हुता. मी शेजारच्या पोराला म्हटलं, बघ रं, काय रंग हाय त्या उजेडाचा. आन हात जोडलं."

मास्तरांनी नदीकडं मान वळवली.

"माजाच भाऊ हुता. मला दिवा दिसला, भाऊ कळला न्हाय."

त्यांनी सायकल पुढं ढकलली. कोपऱ्यावर त्यांनी नेहमीसारखा हात वर केला. मीही केला. तोवर मी तो गमतीनं करत असे.

दुसऱ्या दिवशी मास्तर थेट जिजाआक्कांच्या दारात गेले. मीही बरोबर होतो.

"आक्का, त्या दिव्याला हात जोडू नका. त्यो देव न्हाय. भैरूची नाव हाय."

"नाव तर नाव. हात जोडलं तर काय झिजलं काय आमचं?"

"हात जोडला की माणूस जाग्यावर उभा ऱ्हातो आक्का. मला त्येनं पळाय पायजे."

 सदाची गोष्ट आक्कांना माहीत होती. त्या वेळी आरती त्याच म्हणत होत्या. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "मग करायचं काय? दिवा दिसला तर गप बसायचं?"

"हाक मारायची. नुसतं 'ओऽ' म्हणायचं. नावंतनं भैरू ओ दील. ओ आली तर बरं चाललंय. ओ आली न्हाय, न्हायतर वरचा दिवा खाली आला, तर आरती थांबवायची आन पळायचं."

"आरती थांबवायची?" आक्का ताठ झाल्या. "हाक मारीन मी. सगळ्या बायकांस्नी मारायला लावीन. पर आरती मधी तोडत न्हाईत मास्तर. माज्या सासूनं घरात माणूस मेलं तरी तोडली न्हाय. तेवढं मागू नका."

मास्तरांनी पुढं काही मागितलं नाही. पण परतताना मला म्हणाले, "सगळं काम झालं आन हितं अडलं. दिवा बरोबर हाय. आता बघणाऱ्याचं काय करायचं ते माज्याच्यानं रंगवता यायचं न्हाय."

हाक मात्र रुजली, आणि ती जिजाआक्कांमुळं रुजली हे कबूल करायला हवं. रोज दिवेलागणीला घाटावरून "ओऽऽ" अशी बायकांची हाक जायची आणि पाण्यावरून भैरूची जाडीभरडी "ओऽऽ" परत यायची. पोरांना तो खेळच झाला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत घाटावर नवं आलेलं माणूसही दोन दिवे दिसले की कुणी न सांगता ओ घालायला लागलं. हात जोडणारेही होते, पण ओ घातल्यावर जोडायचे. मास्तर त्यावर काही बोलत नसत. आरतीच्या वेळी मात्र ओ बंद असायची, आणि तेवढा वेळ मास्तर पायऱ्यांवर उभे राहून दोन दिव्यांवरची नजर हलवायचे नाहीत.

मग आली त्या पुढच्या वर्षीची त्रिपुरी पौर्णिमा. मी जयसिंगपूरच्या शाळेत जाण्यापूर्वीचा तो माझा शेवटचा कार्तिक. नदी दिव्यांनी भरली होती. घाटाच्या कडेला तर पाणी दिसतच नव्हतं, नुसते द्रोण. पलीकडून मळेवाडीच्या बायका दिवे सोडायला घाटावर यायच्या होत्या, त्यामुळं भैरूची नाव काठोकाठ भरून निघाली. आरती रंगात आली होती. जिजाआक्का नदीकडं तोंड करून म्हणत होत्या, तालमीतली पोरं झांजा बडवत होती. मी मास्तरांच्या शेजारी होतो. एवढ्या दिव्यांच्या गर्दीत ते दोन दिवे मला एका नजरेत सापडले, आणि मी हे त्यांना सांगायला वळलो.

तेवढ्यात तांबडा खाली आला.

मी मास्तरांकडं बघितलं. त्यांनी तो पाहिला होता. तोंड उघडलं होतं, पण आवाज निघत नव्हता. हात छातीपर्यंत येऊन तिथंच थांबले होते, जोडलेलेही नाहीत आणि वरही नाहीत. मी ओरडलो, पण झांजांपुढं माझा आवाज काय पुरणार.

आणि झांजांवरून एक आवाज चढला. "वरचा पडला! आरं, वरचा दिवा पडला! थांबवा! थांबवा ते!"

जिजाआक्कांनी शेजारच्या पोराच्या हातातली झांज हिसकावून पायरीवर आपटली. आरती मध्येच तुटली. एका क्षणात घाट इतका शांत झाला की पाण्यावरचा बायकांचा आकांत सगळ्यांना स्पष्ट ऐकू आला. मग तालमीतली पोरं अंगावरचे सदरे काढत द्रोणांचे दिवे उधळत पाण्यात पडली. कुणी दोर फेकला. जिजाआक्का कमरेइतक्या पाण्यात उतरून हाका मारत होत्या. नावेची एक फळी सुटली होती. भैरूनं तिच्यावर आपलं धोतर कोंबून धरलं होतं आणि तसाच वाकून बसला होता. पोरांनी नाव ढकलत, ओढत काठाला आणली. सगळ्या बायका उतरल्या, सगळी मुलं उतरली. एकीनं उतरताच पायरीवर बसून मोठ्यानं रडायला सुरुवात केली आणि मग सगळ्याच रडायला लागल्या.

मास्तर तिथंच उभे होते. मी त्यांना हलवलं तेव्हा ते खाली गेले, भैरूसमोर उभे राहिले, आणि त्यांनी विचारलं.

"काच फुटली न्हाय न्हवं?"

"न्हाय मास्तर," भैरू थरथरत म्हणाला. "धोतार तेवढं गेलं."

जिजाआक्का ओल्या लुगड्यानं वर आल्या. तुटलेली आरती कुठून धरायची याची कुणाला आठवण नव्हती. त्या मास्तरांपाशी थांबून म्हणाल्या, "आज ऱ्हाऊ द्या. उद्या पयल्यापासनं म्हणू." आणि ओला पदर पिळत घरी गेल्या.

त्यानंतर काही दिवसांनी, कार्तिक सरता सरता, मी संध्याकाळी घाटावर गेलो. मास्तर अगदी खालच्या पायरीवर बसले होते. सदा गेल्यापासून त्यांनी नदीत दिवा सोडलेला कुणी पाहिला नव्हता. त्या दिवशी त्यांच्या हातात जिजाआक्कांनी दिलेला द्रोण होता. त्यांनी वात पेटवली, द्रोण पाण्यावर ठेवला आणि बोटानं हलकेच ढकलला. दिवा डुलत डुलत मधल्या धारेकडं गेला. मी वरच्या पायरीवरून बघत होतो, आणि मला वाटलं, आता ते हात जोडतील.

त्यांनी हात जोडले नाहीत. ते उठले, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि नदीकडं तोंड करून हाक मारली, "सदाऽऽ, ओऽऽ!"

आणि तसेच, कान देऊन उभे राहिले.

पलीकडून भैरूची नाव निघाली होती, फळी नवी बसवलेली, दोन्ही दिवे जागच्या जागी. भैरूला एवढ्या अंतरावरून सदाचं नाव ऐकू गेलं नसणार, हाक तेवढी ऐकू गेली. घाटावरून ओ आली की उत्तर द्यायचं, ही आता त्याची रोजची सवय होती.

"ओऽऽऽ!" नदीच्या मधोमधून उत्तर आलं.

मास्तरांनी एक हात वर केला आणि द्रोणातला तो दिवा लांब जाऊन दिसेनासा होईपर्यंत हलवत राहिले.